पऱ्हाटीचा बायोचार आणि काळी जमीन : तीन हंगामांचा अनुभव

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात संध्याकाळच्या वेळी प्रवास केला, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुऱ्यांवर (बांधांवर) पऱ्हाटीचे, म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीच्या झाडांचे, ढीग जळताना दिसतात. कास्तकाराचाही त्यात दोष नाही. किडकी बोंडे लागलेली पऱ्हाटी शेतात उभी ठेवली किंवा धुऱ्यावर रचून ठेवली, तर गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून पुढच्या हंगामात येते; पऱ्हाटी लाकडासारखी असल्यामुळे लवकर कुजत नाही; वाळल्यावर गुरे तिला तोंड लावत नाहीत; आणि चुलीसाठी ती घरी नेण्याचे प्रमाण गॅस आल्यापासून बरेच कमी झाले आहे. मग काडी लावणे एवढाच मार्ग उरतो. त्या ढिगाची राख होण्याऐवजी कोळसा व्हावा आणि तो परत मातीत जावा, या विचाराने मी तीन हंगामांपूर्वी बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करायला सुरुवात केली. त्यातून जे दिसले ते इथे मांडतो आणि आपल्यातील जाणकारांनी ते तपासावे अशी विनंती करतो.

पहिल्यांदा पद्धत सांगतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या जुन्या ड्रमपासून केलेली भट्टी प्रसिद्ध आहे आणि सुरुवातीला मी तशीच एक करून पाहिली. परंतु प्रत्येक वेळी पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून ड्रम भरणे मजुरीच्या दृष्टीने परवडेना. त्यानंतर मी जमिनीत निमुळता खड्डा खणला. तो वरून साधारण पाच फूट, तळाशी दीड फूट आणि खोलीला अडीच फूट असून त्याच्या बाजू ठोकून पक्क्या केल्या आहेत. ही कल्पना माझी नव्हे. स्वित्झर्लंडमधील इथाका संस्थेने २०१४ च्या सुमारास ‘कॉन-टिकी’ नावाची जी शंकूच्या आकाराची उघडी भट्टी पुढे आणली, तिचेच हे मातीतले रूप आहे.

तळाशी बारीक काड्यांचा विस्तव चांगला पेटवायचा आणि मग पऱ्हाटीचा एक पातळ थर टाकायचा. त्या थरावर पांढरी राख धरू लागली, की लगेच पुढचा थर टाकायचा. वरच्या ज्वाळा खाली जाणारी हवा स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे खालच्या थरातला कोळसा तापत राहतो पण जळून जात नाही; शिवाय काडीतून निघणारा धूर त्याच ज्वाळांत जळतो. पऱ्हाटी कडकडीत वाळलेली असेल, तर दुरून पाहणाऱ्याला धूर जवळजवळ दिसतच नाही. ओली असेल, तर मात्र डोळे चोळत उभे राहावे लागते आणि अर्धवट जळका माल हाती येतो. दोन-अडीच तासांत खड्डा भरतो. मग दोन ड्रम पाणी एकदम न ओतता कडेने सोडत जायचे. पाणी लागताच खड्ड्यातून तडतड आवाज येतो आणि गरम वाफेचा लोट उठतो. त्या वेळी खड्ड्यावर वाकून उभे राहू नये.

चांगला कोळसा ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. वाळलेला तुकडा दगडावर टाकला, तर खापरासारखा खणकन वाजला पाहिजे आणि बोटांनी चुरल्यावर हाताला लागलेली काळी पूड नुसत्या पाण्याने धुऊन निघाली पाहिजे. हात चिकट राहिले आणि साबण लागला, तर आत डांबरासारखी द्रव्ये शिल्लक आहेत असे समजून तो माल पुन्हा विस्तवात टाकावा.

आता जमिनीकडे वळतो. पहिल्या वर्षी खड्ड्यातला कोळसा कुटून तसाच दोन गुंठ्यांत पसरला आणि वखराने मिसळून कपाशी लावली. महिन्याभरात त्या दोन गुंठ्यांतली झाडे शेजारच्या ओळींपेक्षा फिकट आणि ठेंगणी दिसू लागली. मी घाबरून युरिया दिला, तेव्हा ती सावरली. परंतु पहिल्या वर्षी फायदा शून्य आणि नुकसान थोडेसे असाच हिशेब निघाला. दुसऱ्या वर्षी कोळसा गोमूत्र आणि शेणाच्या काल्यात तीन आठवडे भिजवून, सरसकट न पसरता, टोबणीच्या जागी मूठमूठ टाकला. या वेळी झाडे पिवळी पडली नाहीत, पण कपाशीच्या वेचणीत नजरेत भरेल असा फरकही पडला नाही. तिसऱ्या वर्षी त्याच जागेत वांगी लावली. तिथे एक गोष्ट ठळक दिसली : मोठ्या झडीनंतर त्या दोन गुंठ्यांना बाकी वावरापेक्षा सुमारे एक दिवस आधी वाफसा येतो (माती मशागतीजोगी होते), माती पायाला कमी चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाही अरुंद पडतात. भारी जमिनीच्या कास्तकाराला एका दिवसाच्या वाफशाची किंमत सांगायला नको.

हे सर्व पाहता काळ्या जमिनीत बायोचारचा खरा उपयोग नेमका कशासाठी आहे, हा माझा प्रश्न आहे.

मातीपरीक्षक
कोरडवाहू, आपले निरीक्षण फार नेमके आहे आणि पहिल्या वर्षीचा अपेक्षाभंगही अनपेक्षित नाही. बायोचारचे जे गुण नेहमी सांगितले जातात, त्यांतले दोन मोठे गुण म्हणजे अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता वाढवणे आणि आम्ल जमिनीचा सामू (पीएच) वर आणणे. आपल्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते आणि तिची अन्नद्रव्ये धरण्याची क्षमता मुळातच मोठी आहे. तिचा सामूही बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असून चुनखडी भरपूर असते. बायोचार स्वतः सामान्यतः विम्लधर्मी असतो. म्हणजे जे दोन रोग तो बरे करतो, ते आपल्या जमिनीला झालेलेच नाहीत.

२०१७ साली जेफरी आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात उष्ण कटिबंधातील पिकांच्या उत्पादनात सरासरी सुमारे २५ टक्के वाढ आढळली आणि समशीतोष्ण प्रदेशात सरासरीने वाढ आढळली नाही. आपल्याकडे या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग हौसेने सांगितला जातो; पण ती वाढ मुख्यतः आम्ल आणि निकस जमिनींत, सामू सुधारल्यामुळे आणि बायोचारबरोबर अन्नद्रव्ये मिळाल्यामुळे झाली होती, हे त्यातले महत्त्वाचे कारण मागे पडते. यवतमाळ उष्ण कटिबंधात आहे, म्हणून तिथली काळी जमीन त्या सरासरीत बसते असे नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ‘तेरा प्रेता’ म्हणजे काळ्या मातीचा दाखलाही याच संदर्भात पाहावा. आजूबाजूची पिवळी-तांबडी, आम्ल, धुपलेली जमीन आणि तिच्यात शेकडो वर्षे वस्ती करून राहिलेल्या लोकांमुळे तयार झालेली काळी, सुपीक बेटे, हा फरक डोळे दिपवणारा आहे. परंतु त्या मातीत नुसता कोळसा नाही. त्यात खापरे, माशांची हाडे, राख, मलमूत्र आणि घरातला सगळा कचरा आहे. कोळशाने ते सर्व धरून ठेवले. आपल्या रेगूर जमिनीचा काळेपणा मात्र वेगळ्या कारणाचा आहे. तिच्यातला सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो, म्हणून रंगावरून कर्बाचा अंदाज करू नये.

नत्राबद्दल एक खुलासा करतो. ताज्या कोळशाची असंख्य छिद्रे रिकामी असतात आणि ती अमोनियम धरून ठेवतात. शिवाय त्यावर उरलेली सहज कुजणारी द्रव्ये खाताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र उचलतात. आपली कपाशी पिवळी पडली ती बहुधा यामुळेच. शेणाच्या काल्यात भिजवल्यावर ही अडचण गेली, हे त्याच्याशी सुसंगत आहे.

आणखी दोन सूचना करतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, तसेच जिथे जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) आहे तिथे, राखमिश्रित कोळसा टाकण्याची घाई करू नये. तिथे प्रश्न सोडियमचा आहे आणि त्यावर जिप्सम व निचरा हेच उपाय आहेत. दुसरे म्हणजे, बायोचार टाकल्यावर माती तपासली, तर वॉक्ली-ब्लॅक पद्धतीने येणारा सेंद्रिय कर्बाचा आकडा जपून वाचावा, कारण ती पद्धत कोळशातला कर्ब अर्धवटच मोजते आणि आलेल्या आकड्यात कोळसा किती व खरा ह्यूमस किती हे वेगळे कळत नाही.

वाफशाचे निरीक्षण मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. भारी जमिनीत बायोचारकडून काही मागायचे असेल, तर ते रासायनिक नसून भौतिक स्वरूपाचे मागावे.

खाचर
मी रत्नागिरीकडचा आहे आणि आमची गोष्ट अगदी उलटी आहे. जांभ्यापासून झालेली तांबडी माती, तिच्यावर जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस आणि त्याबरोबर वाहून जाणारे खत, यामुळे आमच्याकडे धरून ठेवणारे काहीतरी मातीत असणे हीच मोठी गरज आहे. सामूही आम्लतेकडे झुकलेला असतो. म्हणून मातीपरीक्षकांनी सांगितलेले दोन्ही रोग आमच्या जमिनीला आहेत असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी आहे असेही मला वाटत नाही. कोकणात तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजतात. शेण, कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या), पातेरा (वाळका पालापाचोळा) आणि वर मातीचा पातळ थर अशी रचना करून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतात, म्हणजे विस्तव सावकाश सरकतो. थोरली माणसे राब काळा झाला पाहिजे असेच म्हणत असत. त्याचा मुख्य हेतू तणाचे बी मारणे आणि माती भुसभुशीत करणे हा आहे आणि त्यासाठी झाडांची फार तोड होते, हेही खरे आहे. म्हणून राबाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही.

त्यापेक्षा चांगले उदाहरण चारसूत्री भातशेतीचे आहे. तिच्या पहिल्या सूत्रात रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख मिसळायला सांगितले आहे आणि ती राख ‘काळसर’ असावी असे स्पष्ट म्हटले आहे. हा शब्द मी कित्येक वर्षे नुसता वाचून सोडून देत होतो. तूस फार तापून पांढरे झाले, तर त्यातली सिलिका सहज विरघळणारी राहत नाही. काळसर राहिले, तर ती रोपाला मिळते, पाती ताठ होतात आणि खोडकिडा व करपा यांना रोप अधिक तोंड देते. म्हणजे तुसाचा बायोचार आम्ही नाव न घेता वापरतच होतो. गिरणीवरून तूस आणावे, पत्र्याच्या उभ्या नळकांड्याला भोके पाडून आत विस्तव ठेवावा आणि भोवती तुसाचा ढीग करावा. वरचे तूस काळे झाले, की पसरून पाणी मारावे. उशीर झाला, तर डोळ्यांदेखत पांढरे होते.

ऊसकरी
पुण्याच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली आणि त्या कामाला २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा इंधनाच्या कांड्यांसाठी होता, मातीसाठी नव्हे. परंतु ती भट्टी पाहिल्यावर आमच्या गावात काही जणांनी पाचटाचा बायोचार करून उसात टाकण्याचा घाट घातला आहे. मला त्याबद्दल शंका आहे. पाचट सरीत तसेच ठेवले, तर ओलावा राहतो, तण कमी होते आणि वर्षभरात ते कुजून गांडुळांच्या पोटात जाते. ते जाळून त्याचा पाव हिस्सा कोळसा मिळवण्यात काय शहाणपण आहे?

कोरडवाहू
ऊसकरी काका, आपल्याशी पूर्ण सहमत आहे. जे वर्षभरात कुजते ते कुजू द्यावे. सोयाबीनचे कुटार गुरांना किंवा उकिरड्याला जावे, पाचट सरीत राहावे आणि जे कुजत नाही, खाल्ले जात नाही आणि नाहीतरी पेटवलेच जाणार आहे, तेवढेच खड्ड्यात जावे. आमच्याकडे त्यात पऱ्हाटी, तुराट्या आणि वेडी बाभूळ एवढेच येते.

मालाचा हिशेबही हेच सांगतो. कोरडवाहू एकरातून वाळलेली पऱ्हाटी ढोबळमानाने एक टन धरली, तर हाती अडीचशे किलो कोळसा येतो. पुस्तकांत हेक्टरी दहा टनांची मात्रा वाचायला मिळते; ती गुंठ्याला शंभर किलो, म्हणजे एकरी चार टन पडते. एक एकर त्या मात्रेने भरायला सोळा एकरांची पऱ्हाटी लागेल. म्हणून सरसकट पसरण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

हिशेबनीस
कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे कर्ब हवेत न सोडता साठवल्याबद्दल विकता येणाऱ्या हक्काबद्दल, कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. कोरडवाहूंच्या अडीचशे किलो कोळशात ७० टक्के कर्ब धरला, तर ६४० किलोंच्या आसपास आकडा येतो आणि त्यातून न टिकणारा भाग, वाहतूक व भट्टीतून निघालेला मिथेन वजा करावा लागतो. म्हणजे एकरी अर्ध्या टनाचा व्यवहार आहे. हा बाजार खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टनांची क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला आणि त्यातला कच्चा माल गुजरातमधली वेडी बाभूळ आहे.

परंतु आमच्या गावात एका कंपनीचे प्रतिनिधी आले, त्यांनी दोन पानांच्या इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या, मोबाइलवर खड्ड्याचे फोटो काढले आणि हंगाम उलटला तरी ते फिरकले नाहीत. त्या कागदात कोळशातल्या कर्बाचा हक्क कायमचा त्यांच्याकडे गेल्याचे कलम होते, हे नंतर वाचताना कळले. सही करण्यापूर्वी हक्क कोणाचा, किती वर्षांचा आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे तीन प्रश्न मराठीत लेखी विचारावेत.

माजघर
भाऊ, सगळ्यांनी जमिनीचे लिहिले, मी माणसांचे लिहिते. कोळसा कुटण्याचे काम आमच्या बचत गटातल्या बायांकडे आले. पहिल्या दिवशी आम्ही तो वाळलेलाच पोत्यात घालून बडवला आणि दोन दिवस थुंकीतून काळे पडत होते. आता आम्ही तो ओलाच कुटतो. तोंडाला ओले फडके बांधतो आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करतो. तुसाच्या कोळशाची धूळ तर अधिकच जपण्यासारखी आहे, कारण तिच्यात सिलिका असते.

दुसरी गोष्ट म्हणजे, वरून विझलेला कोळसा आतून विझलेला असतोच असे नाही. आम्ही एकदा संध्याकाळी पोती भरून मांडवाखाली ठेवली आणि मध्यरात्री मांडव पेटला. गुरे बाहेर होती म्हणून निभावले. तेव्हापासून पोत्यात भरण्यापूर्वी ढीग एक दिवस उघड्यावर पसरतो आणि हात घालून पाहतो. भट्टी बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये कधीही लावू नये, कारण कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

उपयोगाचे म्हणाल, तर आम्ही बारीक कोळसा गोठ्यात म्हशींच्या मूत्राच्या नाळीत टाकतो. दोन-तीन दिवसांत तो भिजून जड होतो, उग्र वास पुष्कळ कमी होतो, आणि मग तोच शेणाबरोबर उकिरड्यावर जातो. वेगळे भिजवण्याचे काम उरत नाही.

उत्तरेकडचा
मी काही वर्षे स्टॉकहोममध्ये राहतो. इथे महापालिकेने बागांतल्या फांद्यांपासून बायोचार करण्याचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू केला. भट्टीतली उष्णता शहराच्या घरे तापवणाऱ्या जाळ्यात जाते आणि कोळसा खडीत मिसळून रस्त्याकडेच्या झाडांच्या मुळांशी घातला जातो. फरसबंदीखाली दडपलेल्या जागेत झाडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळावे, हा त्याचा हेतू आहे. कोरडवाहूंचे वाफशाचे निरीक्षण वाचून मला हेच आठवले. एकाच मातीत पाणी धरणे आणि हवा खेळती ठेवणे ही दोन कामे कोळशाचे तुकडे करतात, पण त्यासाठी त्यांचे पीठ करू नये. इथे वाटाण्याएवढे खडे ठेवलेले मी पाहिले आहेत.

कोरडवाहू
माजघर ताई, गोठ्यातली युक्ती वाचून मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. नेपाळमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या भोपळ्याच्या प्रयोगात हेक्टरी फक्त ७५० किलो बायोचार गाईच्या ताज्या मूत्रात भिजवून शेणखताबरोबर मुळांशी दिला होता. तिथे हेक्टरी ८२.६ टन भोपळा निघाला; शेणखतासह नुसत्या मूत्राच्या तुलनेत ही वाढ ३०० टक्क्यांहून अधिक आणि नुसत्या बायोचारच्या तुलनेत ८५ टक्के होती. एका जागेचा, एका पिकाचा आकडा म्हणून तो आपल्या कपाशीला लावता येणार नाही. पण ७५० किलो म्हणजे एकरी तीनशे किलो, आणि एवढा कोळसा सव्वा एकराच्या पऱ्हाटीतून निघतो. सोळा एकरांवरून सव्वा एकरावर आल्यावर हे काम साध्या कास्तकाराच्या आवाक्यात येते.

एक प्रश्न खासगी संदेशातून विचारला गेला, त्याचे उत्तर इथेच देतो. पेरणीनंतर लगेच पेंडीमिथॅलिनसारखे तणनाशक फवारणार असाल, तर कोळसा पृष्ठभागावर पसरू नये. तो तणनाशक शोषून घेतो आणि तण जोमाने उगवते. माझ्या पहिल्या वर्षीच्या दोन गुंठ्यांत निंदणाला दुप्पट मजूर लागले होते आणि तेव्हा मी त्याचे खापर पावसावर फोडले होते.

येत्या फेब्रुवारीत असे करणार आहे : चार एकरांची पऱ्हाटी खड्ड्यात, कोळसा थेट गोठ्यात, तिथून उकिरड्यात, आणि जूनमध्ये ते शेणखत फक्त मिरची व वांग्यांच्या सरीत. शेजारच्या चार ओळींत तेच शेणखत कोळशाशिवाय राहील. मातीपरीक्षक, नमुने कोणत्या खोलीवरून आणि किती वेळा घ्यावेत ते कृपया सांगावे.

मातीपरीक्षक
शून्य ते पंधरा आणि पंधरा ते तीस सेंटिमीटर असे दोन थर वेगळे घ्यावेत. कोळसा टाकण्यापूर्वी एकदा आणि पीक निघाल्यावर एकदा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यातल्या भेगांतून वरची माती खाली पडते, त्यामुळे कोळसाही खाली सरकत जाईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो वरच्या थरात कमी दिसला, तर तो नाहीसा झाला असे समजू नये. वाफशाची नोंद मात्र प्रत्येक झडीनंतर तारखेसह वहीत लिहावी, कारण ती कोणत्याही प्रयोगशाळेत मोजून मिळणार नाही.